नाव कमी केलेल्या शिश्या

लातुरात सरांच्या घरात पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा नाकाला वास लागला तो मोहाच्या दारूचा. मोहाची नव्हती ती, पण किनवटाकडच्या माणसाचं नाक दुसरं काय सांगणार. आमच्याकडं जंगलाच्या कडेला भट्टी लागली की वास गावात येतो आणि बाया दारं लोटून घेतात. मी हातातली पिशवी उंबऱ्याबाहेरच ठेवली. आत एक म्हातारे सर टेबलाशी बसलेले, मागं भिंतभर लाकडी फळ्या, फळ्यांवर बारक्या बारक्या काचेच्या शिश्या, शिशीत पाण्यासारखं काहीतरी आणि त्यात काहीतरी मेलेलं. मला वाटलं, खानावळीतून सुटलीस बाई, आणि कुठं येऊन पडलीस.

सरांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, माझं तोंड बघितलं आणि म्हणाल्या, "पीत न्हाईत ते. पाजतात. मेलेल्या किड्यांला."

माझं गाव किनवटाच्याही पलीकडं, जिथून थोडं पुढं गेलं की पाट्या तेलुगूत सुरू होतात. जिल्हा नांदेडच, पण नांदेड शहरसुद्धा आम्हाला परगाव. लातूर तर त्याच्या पुढं. पहाटेच्या गाडीनं निघालं तर लातूरच्या स्टँडवर पोचेस्तोवर दिवे लागलेले असतात. शाळा माझी सातवीत सुटली, कारण आठवी दुसऱ्या गावात होती आणि मधल्या नाल्याला पावसाळ्यात कमरेएवढं पाणी. पुढं लग्न झालं, ते टिकलं नाही, त्याबद्दल इथं काही लिहायचं नाही. मावसबहिणीनं लातूरला आणलं. इथं क्लासला आलेल्या पोरापोरींसाठी गल्लोगल्ली खानावळी आहेत, त्यातल्या एकीत मी पोळ्या लाटत होते. काकू तिथं डबा सांगायला आल्या होत्या. भिंतीवर भाज्यांची पाटी होती, अर्धी मराठीत, अर्धी इंग्रजीत. काकूंचा चष्मा घरी राहिला होता म्हणून मी ती वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, इंग्रजी पण येतं का ग तुला? मी म्हणाले, अक्षरं येतात, अर्थ न्हाई येत.

"अर्थ सरांला येतो," काकू म्हणाल्या. "त्यांला अक्षरं दिसंनात."

असं ते काम मिळालं. सरांच्या डोळ्यांचं मधलं दिसणं गेलं होतं, कडेचं राहिलं होतं. माझ्याशी बोलताना ते माझ्या कानामागं बघायचे. मी आधी दोनतीनदा मागं वळून बघितलं, कोण आलं म्हणून. सकाळी स्वयंपाकात काकूंना मदत, दुपारनंतर सरांना वाचून दाखवणं, आणि शिश्यांमधलं स्पिरिट कमी झालं की ड्रॉपरनं भरणं. राहायला मागची खोली. जेवायला त्यांच्याच पंगतीला, त्यांच्यासारखंच ताट. माझ्याबद्दल त्यांनी काही खोदून विचारलं नाही, आणि त्याचे उपकार मला जेवणापेक्षा मोठे वाटायचे. तरीपण पिशवी मी कधी पूर्ण रिकामी केली नाही. फोन वाजला की वाटायचं, आता सांगतील, बाई, तू जा वापस.

शिश्यांत होते ते किडे नव्हते, हे पहिल्या आठवड्यात कळलं. कोळीपण नव्हते, हे दुसऱ्या आठवड्यात. मग काय होते, ते मला अजून धड सांगता येत नाही, पण सरांनी सांगितलं तसं लिहिते. कोळ्याला आठ पाय, यांनाही आठ. पण कोळ्याचं अंग दोन तुकड्यांचं, मधे कंबर. यांना कंबरच नाही. तुरीच्या दाण्याला पाय फुटावेत तसं सगळं अखंड. कोळी जाळं विणतो, याच्याकडं धागाच नाही. कोळ्याला विष, याला तेही नाही. कुणी धरलं तर हा आपला पाय तोडून तिथंच टाकतो आणि पळतो. तो पडलेला पाय बराच वेळ हलत राहतो, आणि धरणारा हलत्या पायाकडं बघत बसतो. पाय परत फुटत नाही. डोळे दोनच, आणि तेही पाठीवर एका बारक्या उंचवट्यावर, एक इकडं बघणारा, एक तिकडं.

मराठीत याला नाव नाही, निदान सरांना सापडलं नव्हतं. सर त्याला सुग्या म्हणायचे. थंड मुलखात शेतं कापायला येतात त्या दिवसांत हे मोठे होऊन भिंतींवर, बांधांवर दिसायला लागतात, म्हणून तिकडच्या लोकांनी कापणीवरून नाव ठेवलं. आपली सुगी तीच, म्हणून सुग्या.

काकू तांदूळ निवडत होत्या. "कोणती सुगी? सोयाबीनची का ज्वारीची?"

सर म्हणाले, गव्हाची. तिकडं उन्हाळा सरताना गहू कापतात.

"गहू उन्हाळ्याच्या शेवटी?" काकूंनी माझ्याकडं बघितलं. "बघ बाई. असा मुलूख हाय तो. तिथं किड्याचं काय सरळ असणार हाय."

सर तरुणपणी युरोपातल्या एका डोंगराळ मुलखात काही वर्षं शिकायला होते. नंतर इथं कॉलेजात असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत हिमाचलाकडं जायचे. त्या सगळ्या फिरण्यातले हे सुग्ये. समशीतोष्ण प्रदेशातले, असं ते म्हणायचे. मी विचारलं, म्हणजे थंड का गरम? ते म्हणाले, दोन्ही नाही, मधलं. जिथं हिवाळ्यात झाडं सगळी पानं टाकतात. मी म्हणाले, आमच्याकडं सागही टाकतो की, उन्हाळ्यात. ते म्हणाले, हो, ते आहे. मग मला समशीतोष्ण काय ते पुन्हा कळलं नाही.

त्यांची घराणी चार. एक मातीतलं, मोहरीएवढं, गोचिडासारखं दिसणारं. दुसरं लांब पायांचं, गवतात, भिंतीवर, झाडावर राहणारं. थंड मुलखात सगळीकडं हेच जास्त. तिसरं पालापाचोळ्यातलं, बुटकं, हळू चालणारं. चौथं कडक पाठीचं, काटेरी हातांचं. ते खरं तर उष्ण मुलखाचं, उत्तरेच्या थंडीत त्याचे मोजके उरलेत. मी पाठ केलं आणि खूश झाले. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, दक्षिणेकडच्या थंड मुलखांत मात्र उलटं, तिथं काटेरीच भरपूर. मी विचारलं, दक्षिणेला थंडी कशी? दक्षिणेला तर कर्नाटक, उदगीरच्या खालचं. काकू माहेरच्या उदगीरच्या. त्या म्हणाल्या, उदगीरला थंडी असतीया पोरी, पण किडे न्हाईत असले. सर हसत होते. पृथ्वीच्या खालच्या टोकाचं त्यांनी मला लिंबू घेऊन समजावलं. लिंबू कळलं.

आता सरांची फिकीर काय होती, ते सांगते. हे सगळं त्यांच्या मागं राहणार कुठं? स्पिरिट उडून जातं. महिनाभर लक्ष दिलं नाही की शिशी कोरडी, आणि कोरडा सुग्या म्हणजे नुसता चुरा. कॉलेजात जागा नव्हती. मुलगा परदेशी, त्याच्या घरात शिश्या नकोत. शेवटी एका मोठ्या संग्रहालयातल्या बाईंनी फोनवर सांगितलं की त्या येऊन बघतील, आणि नीट असलं तर घेऊन जातील. सर त्या दिवशी दोनदा जेवायला विसरले. फळ्यांच्या खालच्या रांगेत एक खास गट होता, त्याच्याबद्दल ते त्या दिवशी पहिल्यांदा सविस्तर बोलले. पाठीवर खोगीर घातल्यासारखा काळसर पट्टा असलेला सुग्या. त्या डोंगराळ मुलखात एकाच खोऱ्यात त्यांनी तो वरच्या कुरणातही गोळा केला होता आणि खालच्या शेतातही. वरचे आणि खालचे एकाच जातीचे की दोन जातींचे, हा त्यांचा तरुणपणचा प्रश्न. तेव्हा सुटला नाही. आता म्हणे पायाच्या तुकड्यातून रक्ताच्या नात्यासारखं काहीतरी तपासता येतं. बाई नेतील, तिथली तरुण मंडळी तपासतील, आणि जिवंतपणी आपल्याला उत्तर ऐकायला मिळेल, एवढीच त्यांची इच्छा होती.

बाईंनी नव्या नावांची यादी पाठवली. सरांच्या चिठ्ठ्यांवरची नावं जुनी झाली होती. मी विचारलं, जनावर तेच, मग नाव काहून बदललं? माझ्या काहूनला काकू नेहमी हसायच्या, तेव्हाही हसल्या. सर म्हणाले, "असं समज, मुलीचं लग्न झालं. आधी एका घराण्यात होती, आता अभ्यासानंतर कळलं की ती दुसऱ्या घराण्यात शोभते. तिचं स्वतःचं नाव तेच, पुढचं घराणं बदललं."

हे आम्हा दोघींना एकदम पटलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सर डोळ्यातलं इंजेक्शन घ्यायला भाच्याबरोबर नांदेडला गेले. पुढं तपासणी होती म्हणून चार दिवस तिथंच राहणार होते. जाताना मला सांगून गेले, यादी बघून नव्या नावाच्या चिठ्ठ्या तयार कर आणि एकेका शिशीत टाक. पेन्सिलीनं लिही, शाई स्पिरिटात पसरते. बाकी काही सांगितलं नाही. सांगायची गरज आहे असं त्यांना वाटलंच नसेल.

मी चिठ्ठ्या लिहिल्या. अक्षर माझं वाईट नाही. पहिली शिशी उघडली आणि थांबले. आत जुनी चिठ्ठी होती. काकूंना विचारलं, हिचं काय करायचं?

काकू म्हणाल्या, काढायची. आणि लगेच त्यांना रेशन कार्ड आठवलं. त्यांच्या लग्नानंतर उदगीरच्या कार्डातून त्यांचं नाव कमी करायला त्यांच्या सासऱ्यांना किती खेटे घालावे लागले. तिथून नाव कमी केल्याचा दाखला आल्याशिवाय लातूरच्या कार्डात नाव चढवत नव्हते. त्या वर्षी घरात साखर एका माणसाची कमी आली. मला हे सांगायची गरज नव्हती. माझं तर तिकडनं कमी झालं होतं आणि इकडं चढलंच नव्हतं. जुनं कमी केल्याशिवाय नवं चढत नाही, हे आम्हा दोघींइतकं पक्कं कुणाला माहीत असणार? एका शिशीत दोन नावं ठेवली तर बाई म्हणतील, हे काय, दोन्हीकडचं रेशन खाऊन राहिला का हा?

तेव्हा आम्ही दुपारभर बसलो. काकू चिमट्यानं जुनी चिठ्ठी काढायच्या, मी नवी सोडायचे, बूच लावायचे. स्पिरिटाच्या वासानं काकूंचं डोकं धरलं, तरी उठल्या नाहीत. शेजारच्या मावशी डोकावून गेल्या आणि सर गावाला गेल्यावर दोघी मिळून काय चाललंय असं काहीतरी बोलल्या. काकूंनी त्यांना चिमट्यानं एक सुग्या दाखवला, त्या गेल्या. जुन्या चिठ्ठ्या फेकल्या मात्र नाहीत. लिहिलेला कागद केरात टाकायचा नाही, ही काकूंची शिस्त. त्यांनी त्या पापडाच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या. पुढं जे काही वाचलं ते त्या डब्यामुळं.

सर आले. एका डोळ्यावर पट्टी होती. काकूंनी चहा द्यायच्या आधीच सांगितलं, सगळं झालं, तुम्ही बघाच. सर खुर्चीत बसले आणि म्हणाले, वाच एक. मी एक शिशी उजेडाला धरली आणि नवं नाव वाचलं. त्यांनी मान हलवली.

"आणि जुनी चिठ्ठी?"

"कमी केली," मी म्हणाले.

ते माझ्या कानामागं बघत राहिले. मग विचारलं, सगळ्यांची? काकू म्हणाल्या, हाव, सगळ्यांची, एकपण ठेवली न्हाई. अजून त्यांच्या आवाजात कौतुकाची वाट बघणंच होतं.

"गाव त्या चिठ्ठीवर होतं," सर म्हणाले.

मला ते पहिल्यांदा कळलं नाही. नंतर कळलं की जुन्या चिठ्ठीवर नावाखाली बारीक अक्षरात कुठं सापडला, केव्हा सापडला ते लिहिलेलं असतं, आणि नावापेक्षा तेच महत्त्वाचं. ती अक्षरं मी बघितली होती. मला वाटलं होतं ते नावाचंच शेपूट असेल. आमच्याकडं आडनाव सांगितलं की गाव कळतं. ज्याच्या आडनावात कर, तो त्या गावचा. एवढं लांबलचक नाव आहे म्हणजे गाव त्यातच कुठंतरी असणार, असं मी धरून चालले होते.

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठून अंगणात गेले आणि पाण्याच्या टाकीजवळ उभे राहिले. काकू माझ्याकडं बघून हळू म्हणाल्या, मीच सांगितलं होतं तुला, तू काही बोलू नको. मी मागच्या खोलीत जाऊन पिशवीकडं बघून आले. मग वाटलं, आता गेले तर हे सगळं असंच राहील. म्हणून गेले नाही. भीतीनं गेले नाही की कामासाठी राहिले, हे मला आजही सांगता येत नाही.

थोड्या वेळानं सर आत आले आणि म्हणाले, डबा आण. पापडाचा वास लागलेल्या चिठ्ठ्या मी टेबलावर पसरल्या. बाई यायला अवकाश होता. सर म्हणाले, नव्या चिठ्ठ्याही बरोबरच पडल्या असतील याचा भरवसा नाही, म्हणून शिशीतला कोण आहे ते तू बघून मला सांग, मी सांगतो चिठ्ठी कोणती.

ते दिवस मला फार गोंधळाचे गेले. मी भिंगातून बघायचे आणि जे दिसेल ते बोलायचे. काळा, पाठीवर चांदीचे दोन ठिपके, मी म्हणायचे. सर म्हणायचे, पाचोळ्यातला, तो एकाच जंगलातला आहे, चिठ्ठी शोध. याला सांडशी आहे तोंडाला, अंगापेक्षा लांब. सर म्हणायचे, अरे वा, तो गोगलगायीचं कवच फोडून खातो, गुहेजवळचा, एकच आहे. एका शिशीत मला नुसतं मातीचं ढेकूळ दिसलं. मी म्हणाले, यात काही न्हाई, घाण आहे, धुऊन टाकू का? सर खुर्चीतून अर्धे उठले. तो चपटा सुग्या होता, तो अंगावर मातीच चिकटवून घेतो, डोक्यावर टोपडं असतं त्याच्या. तेव्हापासून मला कुठलीही घाण धुताना विचार करावा लागतो. एकदा मी सांगितलं, हे दोन वेगळे आहेत, एकाच्या तोंडावर शिंग आहे, दुसऱ्याला नाही. सर म्हणाले, नर-मादी. मग पुढच्या शिशीत शिंग नसलेला दिसला की मी मादी म्हणायला लागले, तर निघालं ते पिल्लू. पुढच्यात पिल्लू म्हणाले, तर ती वेगळीच जात. पायावरून सांगावं तर निम्म्यांचे पाय गळून तळाशी गवतासारखे पडलेले. माझ्यामुळं दोनतीन चिठ्ठ्या चुकीच्या शिशीत गेल्या आणि परत काढाव्या लागल्या.

काकू एकदा अचानक म्हणाल्या, या रबरी बुचाच्या शिश्या मी धुतल्यात. सरांना कळेना. काकू म्हणाल्या, तुम्ही हिमाचलाला निघाला होता, आणि मी दवाखान्यातून इंजेक्शनच्या रिकाम्या शिश्या मागून आणून चुलीवर उकळल्या होत्या, मुलगा पोटात होता, मला त्या वासानं उलट्या व्हायच्या. सर म्हणाले, म्हणजे रबरी बूच ते सगळे हिमाचल. एका झटक्यात एक पूर्ण फळी लागली. काकू दिवसभर ते बोलून दाखवत होत्या.

राहिले ते खोगीरवाले. त्यांच्या शिश्या सगळ्या एकसारख्या, त्याच दुकानातून घेतलेल्या, त्याच दोन महिन्यांत भरलेल्या. चिठ्ठ्या डब्यात होत्या, अर्ध्या वरच्या कुरणाच्या, अर्ध्या खालच्या शेताच्या. कोणती कोणाची, ते सांगायला काही उरलं नव्हतं.

मी बघून सांगितलं, यातल्या काहींचे पाय आखूड आहेत, काहींचे लांब. सर म्हणाले, वरचे आखूड पायांचे होते, एवढं मला आठवतं, निदान बरेचसे.

"मग झालं की," काकू म्हणाल्या. "आखूड ते वर चढवा, लांब ते खाली घाला. कोण बघायला चाललंय त्या डोंगरावर?"

सरांनी दोन शिश्या हातात घेतल्या. मला वाटलं, हो म्हणतील. मला वाटत होतं, हो म्हणावं. एवढं झालं की सगळ्या शिश्या पुऱ्या झाल्या असत्या, बाई घेऊन गेल्या असत्या, आणि माझ्या डोक्यावरचा दगड उतरला असता.

सर म्हणाले, "मला विचारायचं होतं की वरचे वेगळे आहेत का. आता वेगळे दिसतात त्यांनाच मी वरचे म्हटलं, तर मग विचारलं काय मी?"

काकू म्हणाल्या, मला न्हाई कळलं. मी म्हणाले, मलापण न्हाई. सरांनी पुन्हा समजावलं, यावेळी लिंबू न घेता. समजा, इथल्या मुरुडच्या बाजारात दोन गावची चिंच एका पोत्यात मिसळली. मग गोड ती या गावची आणि आंबट ती त्या गावची असं आपणच ठरवून वेगळी केली. आणि मग सगळ्यांना सांगत सुटलो की या गावची चिंच गोड असते बरं. काकू म्हणाल्या, बाजारात असंच करतात. सर म्हणाले, बाजारात करू दे.

चिंच मला कळली असं मला वाटतं. पण मधेच सुटते. एखाद्या दिवशी भांडी घासताना एकदम लख्ख कळतं, आणि भांडी पालथी घालेस्तोवर गेलेलं असतं.

बाई आल्या त्या सकाळी. मला वाटलं होतं सरांसारख्या म्हाताऱ्या असतील. त्या माझ्याहून थोड्याच मोठ्या, पाठीवर सॅक, पायात बूट. काकूंनी सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणीचा नाष्टा, केला होता, तो त्यांनी दोनदा मागून घेतला. मग त्या फळीजवळ बसल्या आणि एकेक शिशी बघायला लागल्या. मी दारात उभी. त्या मधेच म्हणाल्या, चिठ्ठ्यांना पापडाचा वास का येतोय? सरांनी सगळं सांगितलं. आधीपासून, रेशन कार्डासकट. मी खाली बघत होते. सर म्हणाले, लग्नाचं उदाहरण मीच दिलं होतं, आणि त्यांच्याकडं लग्न झालं की काय करतात हे मला माहीत असायला हवं होतं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, आमच्याकडंही शिकलेल्यांनी याहून वाईट केलेलं आहे, ते ऐकलं तर तुम्हाला निवांत झोप लागेल.

खोगीरवाल्यांपाशी त्या बराच वेळ थांबल्या. म्हणाल्या, सर, तुमचा अंदाज असेल तर अंदाज म्हणून लिहू, पुढं कंसात प्रश्नचिन्ह टाकू. मी सरांकडं बघितलं. काकूंनीपण बघितलं. प्रश्नचिन्ह म्हणजे खोटं नाही ना, असं काहीतरी माझ्या डोक्यात चाललं होतं.

"नको," सर म्हणाले. "प्रश्नचिन्ह गळून पडतं. पुढचा माणूस उतरवून घेताना ते आधी गाळतो."

मग त्यांनी विचारलं, हे पायाचं तपासून कळेल का? बाईंनी खरं तेच सांगितलं. स्पिरिट जुनं आहे, कदाचित काहीच निघणार नाही. निघालंच तर एवढं कळेल की यांच्यात एक जात आहे की दोन. कोणती वर राहत होती, ते मात्र या शिश्या आता सांगू शकणार नाहीत. त्यासाठी त्या खोऱ्यात पुन्हा कुणीतरी जायला लागेल.

सर म्हणाले, जावं लागेल. ते स्वतः जाणार नव्हते, हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

त्यांनी मला बसायला सांगितलं आणि ते सांगतील तसं लिहायला लावलं. वरचं कुरण किंवा खालचं शेत, दोन्हीपैकी एक, चिठ्ठ्या अदलाबदल झालेल्या. प्रत्येक खोगीरवाल्याच्या शिशीत एक. बाई म्हणाल्या, मराठीतच असू द्या, इंग्रजी मी वेगळी घालते. दोनदा चुकलं, पण पेन्सिल होती, खोडून निभावलं. घाबरत विचारलं, संग्रहालयात हे किती दिवस राहतं? बाई म्हणाल्या, स्पिरिट भरत राहिलं तर आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त. हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, म्हणजे माझी चूकही तेवढीच टिकणार.

दुपारी त्यांनी थर्मोकोलच्या खोक्यात शिश्या उभ्या लावल्या. सगळ्या नेल्या, खोगीरवालेसुद्धा. काकू गाडीपर्यंत गेल्या आणि ड्रायव्हरला, खड्ड्यात हळू घाल, आत पोरं हायत, असं सांगून आल्या. भिंतीवरच्या फळ्या रिकाम्या झाल्या, आणि वास मात्र तसाच राहिला.

आता वाचायला काही उरलं नाही, शिश्या भरायच्या नाहीत, मग मी कशासाठी, हा विचार माझ्या मनात त्याच वेळी आला. काकूंनी रात्रीच्या भाजीला काय करायचं विचारलं, आणि मटकी भिजत घाल म्हणाल्या. मटकी दोन दिवसांनी मोडावर येते. म्हणजे दोन दिवस तरी आहे, असा मी हिशेब केला.

संध्याकाळी चहा देताना मी सरांना विचारलं. इतके दिवस विचारलं नव्हतं, कारण शिश्या समोर असताना ते विचारणं म्हणजे चिंचेतच हात घालण्यासारखं वाटायचं.

"सर, तुम्हाला काय वाटतं? एक का दोन?"

ते माझ्या कानामागं बघत राहिले. बशीत चहा ओतला, निवू दिला.

"तिकडं होतो तेव्हा वाटायचं, दोन. इथं आलो, लग्न झालं, मग वाटायला लागलं, एकच. उगाच वेगळं काढत होतो आपण."

"आणि आता?"

"आता एकच वाटतं. पण उद्या विचार."

"उद्या तीन सांगतील," काकू आतून म्हणाल्या.

मी दुसऱ्या दिवशी विचारलं. ते म्हणाले, दोन.